पारूबाईच्या पोटातली सोसायटी

३० ऑगस्ट २०१५, रविवार

आज आयुष्यातलं पहिलं मराठी भाषण केलं. विषय: फायबर आणि आतड्यातले बॅक्टेरिया. श्रोते म्हणजे गीताआत्याच्या महिला सोसायटीच्या मेंबर बायका, एक कोंबडी आणि शेजारचे तात्याबा. तात्याबांना वाटलं होतं रॉकेल वाटायलेत.

अंबाजोगाईच्या इंग्लिश मीडियम शाळेत मला वक्तृत्वाची बक्षिसं होती. पण तिथे ग्लोबल वॉर्मिंगवर बोलायचं असायचं आणि समोर कुणी लसूण सोलत नसायचं. मी पुण्यात 'देव' होतो, मायक्रोबायोलॉजीचा एम.एस्सी. लॅबमधलं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, जरा फील्डवर जा. मी ते फारच मनावर घेतलं. आता मी पुन्हा शहादेव आहे, आणि फील्ड म्हणजे नांदूरघाटच्या अलीकडचं हे गाव, जिथे फील्डमध्ये काहीच उगवलेलं नाही.

आत्या सोसायटीची चेअरमन. ती म्हणाली होती, सोप्यात सांग. म्हणून मी म्हटलं, "आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. कोंडा, टरफलं, भाज्यांचे धागे आपल्याला पचत नाहीत, ते तसेच खाली त्यांच्यापर्यंत पोचतात. ते त्यांचं जेवण. ते खाऊन, आंबवून ते आपल्याला ब्युटिरेट नावाचं एक आम्ल देतात. आतड्याचं आतलं अस्तर त्याच्यावरच जगतं. म्हणजे ही पण एक सोसायटीच आहे. आपण माल घालायचा, मेंबर काम करणार, नफा सगळ्यांना."

पारूबाईनं लसणावरची नजर न उचलता विचारलं, "तिथं चेरमन कोन हाय?"

"तिथे चेअरमन नसतो."

"म्हून चालत आसंल."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. ती लसूण सोलत राहिली.

"आन माल घातलाच न्हाई तर?" सरूबाईनं विचारलं.

"तर ते उपाशी जिवाणू अस्तरच खायला लागतात."

सगळ्या गप्प झाल्या. मला वाटलं, इम्पॅक्ट झाला. मग सरूबाई म्हणाली, "बरूबर हाय. मेंबर उपाशी ऱ्हायला की आदी हापिस खातंय."

यानंतर भाषण पुन्हा रुळावर आलं नाही. पण मला एकदम आयडिया सुचली आहे. उद्या लिहितो.

२ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस लिहिलं नाही, कारण आयडिया एवढी मोठी होती की झोप लागली.

आधी छावणीबद्दल. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून गावाबाहेर अर्जुनरावांच्या पडीक माळावर जनावरांची छावणी लागली आहे. अर्जुनराव म्हणजे मोठी जमीन, पांढरी गाडी आणि दर वाक्याला 'आपल्याला काय, लोकांची सेवा'. शेकडो जनावरं दावणीला आहेत आणि त्यांच्यासोबत घरटी एक-दोन माणसंही तिथेच मुक्कामाला. या माणसांच्या जेवणाचं काम आत्याच्या सोसायटीला मिळालंय, पण कच्चं. अर्जुनराव म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बगतो. लोकायला मानवलं तर छावनी उठंपर्यंत तुमचंच. न्हाई तर केजचा आचारी तयारच हाय."

मी आज छावणीत सर्व्हे केला. लोक काय खातात? खारी, टोस्ट, रेशनचा पांढरा भात. पोट साफ होतं का? तात्याबा त्यांच्या सर्ज्या बैलाजवळ बसले होते. ते म्हणाले, "रविवारी गेलतो."

"आज बुधवार आहे."

"मंग काय तर."

हा प्रश्न मी प्रत्येक कुटुंबाला विचारला. पाणी किती पिता, हेही विचारलं. बायकांनी डोक्यावरचा पदर नीट करत नवऱ्यांकडे बघितलं आणि सांगितलं, भरपूर. सगळ्यांचं उत्तर एकच. डेटा इतका स्वच्छ मी पुण्यातही बघितला नव्हता. म्हणजे पाण्याचा प्रॉब्लेम नाही, फायबरचाच आहे. म्हणून आयडिया: फायबर लाडू. जेवणासोबत रोज दोन. छावणी जिंकली, सोसायटी जिंकली.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बग बाबा. माजं सोड. पारूचं त्याच्यावर हाय सगळं."

पारूबाईचं असं आहे. ती आणि तिचा नवरा भारत दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मुलगी सत्यभामा यंदा दहावीला आहे. ते गेले की तिलाही न्यावं लागतं, आणि तोड संपेपर्यंत बोर्डाची परीक्षा होऊन जाते. सोसायटीचं काम टिकलं तर पारूबाई जाणार नाही. मुकादमाला दसऱ्याच्या आत सांगायचंय.

म्हणजे लाडूवर एका मुलीची दहावी आहे. मला दहावीला शहाण्णव टक्के होते. हे इथे लिहायची गरज नव्हती.

५ सप्टेंबर, शनिवार

लाडू तयार. ज्वारीचा कोंडा, गव्हाचा कोंडा, हरभऱ्याचं टरफल, जवस, आणि गूळ फक्त धरून ठेवण्यापुरता. वळताना सरूबाई म्हणाली, हे गोफणीत घालून हाणलं तर डुक्कर मरंल. चवीबद्दल कुणी बोललं नाही.

शास्त्रज्ञानं आधी स्वतःवर प्रयोग करावा म्हणून मी चार खाल्ले. संध्याकाळपासून माझ्या पोटातल्या सोसायटीत निवडणूक लागली आहे. आत्यानं बाहेर येऊन रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "टँकर आला का रे?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग कशाचा आवाज?"

पुस्तकात लिहिलंय की फायबर हळूहळू वाढवा, जिवाणूंना सवय व्हायला वेळ द्या. पण हळूहळूला वेळ कुणाला आहे? दसरा येतोय.

आत्याचंही त्या पुस्तकासारखंच, सगळं हळूहळू. छावणीतून गाईसाठी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला मिळतो, तो ती एकदम घालत नाही. जुन्या कडब्यात मूठ-मूठ मिसळून घालते, निम्मी सकाळ त्यात जाते. मी तिला टाइम मॅनेजमेंटबद्दल सांगितलं.

८ सप्टेंबर, मंगळवार

यश. सगळे लाडू दुपारच्या आत संपले. तोंड वाकडं कुणी केलं नाही. तात्याबांनी तर आणखी दोन मागितले. "लई मानवतंय," म्हणाले. मी विचारलं, पोट? ते म्हणाले, "एकदम खुलास."

पारूबाई सगळ्यात भारी. ती भाकरी थापता थापता लोकांसमोर लाडू खाते. "खावा की, गूळ हाय त्याच्यात, इख न्हाई," असं म्हणते. मी तिला म्हटलं, काकू, तुम्ही आमच्या ब्रँड अँबॅसडर. तिनं विचारलं, "त्यो काय करतोय?" मी म्हटलं, बाकीच्यांना विश्वास वाटावा म्हणून स्वतः वापरून दाखवतो. ती म्हणाली, "मंग दोन रोज खाते. काम टिकलं पायजे."

छावणीतली जनावरंही आता मला ओळखतात. मी पाटी घेऊन आलो की सर्ज्या हंबरतो.

१२ सप्टेंबर, शनिवार. पोळा

आज बैलांची शिंगं रंगवली. दुष्काळ असला तरी गोंडे होते, झुली होत्या, कुणीतरी बँजोही आणला होता. मी फोटो काढत होतो तेव्हा तात्याबांनी सर्ज्याला ओवाळलं आणि नैवेद्य म्हणून त्याच्या तोंडात माझा लाडू घातला. मग दुसरा. मग खिशातून तिसरा.

मी म्हटलं, "तात्याबा, हे माणसांचे आहेत."

तात्याबा म्हणाले, "व्हय व्हय. पन ह्येला लई मानवलेत. शेन बगा कसं बांदीव पडायलंय."

मी मागे वळून बघितलं. सगळी दावण लाडू खात होती. एक बाई पदराआडून म्हशीला लाडू देत होती, माझ्याकडे लक्ष गेलं तशी हसली. 'एकदम खुलास' म्हणजे कोण, ते मला आत्ता कळलं.

माझ्या नोंदी सगळ्या खऱ्या आहेत. फक्त प्राणी वेगळा आहे.

मी आत्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मग माणसांपैकी खातं कोण?"

"पारू खाती की. दोन रोज. येक दिस चुकली न्हाई."

तेवढ्यात बरं वाटलं. निदान एक तरी माणूस. पारूबाई चुलीजवळ बसली होती. आज बोलत नव्हती, पुरणपोळीही खाल्ली नाही. मला वाटलं, फायबरनं पोट भरल्यासारखं वाटतं, त्याचा परिणाम. ते मी नोंदवूनही ठेवलं.

१६ सप्टेंबर, बुधवार

अंबाजोगाई. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावरून लिहितोय.

परवा पारूबाई कामावर आली नाही. काल आत्या तिच्या घरी गेली तर ती पोट धरून पडलेली. पोट दगडासारखं, उलट्या. आज पहाटे अर्जुनरावांची गाडी मागून घेतली आणि इथे आणलं. भारत पुढे बसला होता. मी दोनदा 'होईल सगळं नीट' म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर त्यानं आरसा फिरवला.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पारूबाईला विचारलं, काय खाता? तिनं लाडूचं सांगितलं. पाणी किती पिता? पारूबाईनं माझ्याकडे बघितलं, भारतकडे बघितलं आणि म्हणाली, भरपूर. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं.

नंतर मला एकट्याला बोलावून त्या म्हणाल्या, "लाडू तुम्ही दिलेत?"

"हो. फायबरसाठी. म्हणजे मायक्रोबायोम…"

"कोंडा पाणी ओढतो, माहीतय ना? पाणीच नसेल तर तो आत घट्ट होऊन बसतो. त्यांच्या आतड्यात गच्च खडा झालाय. एनिमा दिलाय, सलाईन चालू आहे. आजच्या दिवसात सुटलं तर ठीक, नाही तर सर्जनला दाखवावं लागेल."

माहीत होतं. परीक्षेत त्याच प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते.

१७ सप्टेंबर, गुरुवार. गणपती बसले

सुटलं. ऑपरेशन नाही. पहाटे आत्या बाहेर येऊन म्हणाली, "झालं मोकळं." मला रडू आलं. आत्या म्हणाली, "आसल्या गोष्टीसाटी रडनारा तू पयलाच बग."

दुपारी भारत चहाला गेला तेव्हा मी आत गेलो. माफी मागायची होती, वाक्य पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं ते हेच, "काकू, पाणी कावून पीत नव्हता?"

'का'च्या ऐवजी 'कावून' मी मुद्दाम वापरलं, जवळीक वाटावी म्हणून. तिनं ते जाऊ दिलं.

"पेलं की जावं लागतं."

"मग जायचं."

तिनं माझ्याकडे बघितलं, टोपी उलटी घालून आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"कुटं?"

मी छावणी डोळ्यांसमोर आणली. सपाट माळ. चारी बाजूंनी दावण, माणसं, चहाचं हॉटेल, टँकरची वाट. एक झाड नाही. माझ्यासारखे लोक मोटारसायकल काढतात आणि ओढ्याकडे जातात.

"घर जवळ हाय त्या दुपारी पळतेत, बाकी अंदार पडल्याबिगर बाईमानूस उटत न्हाई," पारूबाई म्हणाली. "म्हून सकाळपसून निस्ते वठ वल्ले करायचे. समद्याच करतेत. तुजा लाडू वाईट न्हाई बापू. गिळताना लागतो जरा."

"मी विचारलं होतं की. सर्व्हेत."

"भारत बसला व्हता शेजारी. तू वही घिऊन. म्हातारा बैल घिऊन. काय सांगावं मी, किती येळा मुतते ते?"

आत्या खिडकीकडे बघत होती. मी म्हटलं, "आत्या, तुला माहीत होतं?"

"मी बी बाईच हाय रं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू जिवानूचं सांगत व्हता. मला वाटलं, ह्येच्यात मुतायचं कसं काडावं."

भारत चहा घेऊन आला आणि मी उठलो. दारात त्यानं मला थांबवलं. "मुकादमाला सांगतो मी, येतो म्हून," तो म्हणाला. "उसात मरायचं आसंल तर मरू. लाडू खाऊन न्हाई."

१९ सप्टेंबर, शनिवार

अर्जुनरावांनी बोलावलं. लाडू आजपासून बंद. जेवणाचं दसऱ्यापर्यंत बघू, पण केजच्या आचाऱ्याला त्यांनी निरोप देऊन ठेवला आहे. आत्या खाली मान घालून ऐकत होती. माझ्यामुळे तिला मान खाली घालावी लागली, हे मी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःला शास्त्रज्ञ म्हणताना आठवेल.

मी म्हटलं, "काका, छावणीत बायकांसाठी आडोसा करायला पाहिजे."

"छावनी जनावरांची हाय," अर्जुनराव म्हणाले. "जनावराला लागतोय का आडोसा?"

"जनावरं बांधायला माणसं लागतात."

"बांद मंग तू. जागा घे कोपऱ्यातली. पर मला कागुद मागू नको."

रात्रभर एकच हिशोब डोक्यात फिरत राहिला. जिवाणूंना कोंडा पाहिजे. कोंड्याला पाणी पाहिजे. पाण्याला आडोसा पाहिजे. माझा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या वाक्यावरच संपत होता.

२३ सप्टेंबर, बुधवार

आडोसा क्रमांक एक: मी एकट्यानं बांधला. खड्डे खणले, बांबू रोवले, आणि भिंतीला जनावरांनी टाकून दिलेलं वाळकं वाढं बांधलं. फुकट, इको-फ्रेंडली, स्थानिक. संध्याकाळी फोटो काढून मॅडमना पाठवला.

सकाळी नुसते बांबू उरले होते. दोन गाई सुटल्या होत्या.

तात्याबा म्हणाले, "दुष्काळात वाढ्याची भिंत. साखर तरी लावायची व्हती."

२६ सप्टेंबर, शनिवार

आडोसा क्रमांक दोन. हिरवी शेडनेट, आत बारदाना. हे जनावरं खात नाहीत, मी सर्ज्याला दाखवून खात्री केली. आत्यानं सोसायटीच्या बायका लावल्या. सरूबाईनं खड्ड्यावर फरशी बसवली. शेजारी वापरायच्या पाण्याचा वेगळा ड्रम.

दिवसभर एकही बाई गेली नाही.

मला वाटलं, बिहेवियर चेंजला वेळ लागतो. यावर लेख आहेत. संध्याकाळी सरूबाई म्हणाली, "बापू, दार हाटेलाकडं केलंय तू."

आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, हे चहा पीत बसलेल्या सगळ्या पुरुषांना दिसावं अशी सोय मी केली होती. मग आम्ही दार फिरवलं. कुणीकडे, ते मी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं. मी फक्त बांबू धरला.

३० सप्टेंबर, बुधवार

पारूबाई कामावर परत आली. बारीक झाली आहे. भारत तिला सोडायला आला आणि माझ्याकडे न बघता गेला.

आता आम्ही असं करतो. लाडू नाही. भाकरीचं पीठ चाळायचं नाही, एवढंच. पहिला आठवडा मटकीची उसळ पळीभरच, पुढे थोडी वाढवायची. आदल्या दिवसाच्या भाकरीचा ताकात काला. शिळ्या भाकरीतला काही स्टार्च थंड झाल्यावर असा होतो की आपल्याला पचत नाही आणि थेट जिवाणूंकडे जातो. हे मी सांगितल्यावर बायका हसायला लागल्या. पारूबाई म्हणाली, "शिळं तुकडं आमी लपून खातो, पाव्हन्याला दिसू ने म्हून. आन ह्यो म्हन्तो औशद."

मूठ-मूठ मिसळत जाणं मला आता जमायला लागलंय. काल वाढं कापताना आत्या काहीतरी बोलणार होती, माझ्याकडे बघितलं आणि हसून गप्प बसली. काय ते कळलं नाही.

मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, इंटरेस्टिंग आहे, पेपर होऊ शकतो, सॅम्पल किती? मी म्हटलं, एक बाई. आणि बैल धरले तर बरेच.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी पिण्याच्या पाण्याच्या ड्रमजवळ उभा होतो. बायका पाणी पीत होत्या. भर उन्हात, तांब्या उंच धरून, गळ्यावरून ओघळ येईपर्यंत. एकीनं पिऊन झाल्यावर पुन्हा भरला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर पारूबाई म्हणाली, "आता पानी पेताना बी सर्वे हाय का?"

मी निघून आलो. तात्याबा म्हणाले, पोट रोजचं झालंय. मी विचारलं, कुणाचं? म्हणाले, "माजं. सर्ज्याचं तुमी इचारतच न्हाईत आता. रुसलाय त्यो."

१४ ऑक्टोबर, बुधवार

मुकादम बद्रीनाथ आला होता. पायात कोल्हापुरी, खिशात दोन मोबाईल. पारूबाई भाकरी थापत होती, भारत शेजारी उकिडवा बसला होता. मी पीठ मळायचं नाटक करत थांबलो.

"काय ठरलं पारू? भारत तर व्हय म्हनला."

"तिकडं फडात आडोसा हाय का?" पारूबाईनं विचारलं.

बद्रीनाथ हसला. "आगं येवडा माथ्याच्या वर ऊस हाय की. आजून कसला आडोसा?"

"त्योच तर तोडायला न्यायलाव आमाला. दुपारपस्तोर आमीच आमचा आडोसा कापून मोळ्या बांदतो."

बद्रीनाथनं भारतकडे बघितलं. "काय बे, बायकू काय म्हनायली?"

भारत बराच वेळ पायाजवळच्या मातीत काडीनं रेघा ओढत होता. मला वाटलं, आता तो माझं नाव घेणार, लाडूचं काढणार. तो म्हणाला, "ती दवाखान्यात व्हती तवा डाक्टरबाईनं इचारलेलं मी दाराभाईरून ऐकलं, कवापसून आसं पानी पेत न्हाई. ती म्हनली, लगीन झाल्यापसून, फडावर गेल्यापसून." मग काडी टाकून म्हणाला, "मला ठावं नव्हतं."

"बरं, मंग?"

"यंदा न्हाई," पारूबाई म्हणाली आणि भाकरी तव्यात टाकली.

बद्रीनाथ उठला. जाताना म्हणाला, "पुन्ना मागं लागू नका. जागा भरल्या जातेत."

तो गेल्यावर मी पीठ मळायचं नाटक सोडलं. छावणीचं काम अजून पक्कं नाही. केजचा आचारी येणार असेल तर पारूबाईकडे ना तोड ना सोसायटी. मी म्हटलं, "काकू, अर्जुनरावांचं कळेपर्यंत तरी थांबायला पाहिजे होतं."

"तू थांबला व्हता का, हळूहळू?" ती म्हणाली. "उलथनं घे. करपायलीय."

२२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी सोनं वाटायला गेलो तर अर्जुनराव छावणीतच होते. सोबत केजचा आचारी, भलीमोठी कढई घेऊन. आत्यानं त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली. पारूबाई चुलीजवळ उभी होती, भारत तिच्या मागे. सत्यभामा शाळेला सुट्टी म्हणून आली होती, ती आईचा पदर धरायच्या वयाची नाही, पण धरून होती.

अर्जुनराव आचाऱ्याला म्हणाले, "राहू दे बाबा, तू माघारी जा." मग आत्याला म्हणाले, "तुमच्या सोसायटीचं छावनी उठंपर्यंत पक्कं."

मी नको तिथे तोंड घातलं. "जेवण आवडलं ना काका? फायबरमुळे…"

"जेवन काय, भाकरी ती भाकरी," अर्जुनराव म्हणाले. "पर पयलं बायका दुपारी घराकडं पळायच्या. जनावरं दावनीला हंबरत बसायची, तपासनीस आला की मोजनीला मानूस न्हाई. आता दिसभर हितंच आस्तेत. काय केलं तुमी कुनाला ठावं."

मी मॅडमना पाठवायच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की आहारातील बदलामुळे छावणीतील महिलांची उत्पादकता वाढली. ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. 'मुतायला जागा' याला इंग्रजीत ब्युटिरेटसारखा भारदस्त शब्द असायला पाहिजे.

सत्यभामानं मला सोनं दिलं आणि विचारलं, "दादा, तुमी जीवशास्त्र शिकवता का? पचनसंस्था समजंना." मी म्हटलं, मलाही नुकतीच समजली आहे, ये उद्या.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

आज ट्रॅक्टर गेले. ट्रॉलीत संसार, वर बायका, पोरं, एक करडू. गावातली निम्मी घरं बंद झाली. सरूबाईची जाऊ गेली. पारूबाई वेशीपर्यंत जाऊन सगळ्यांना भाकरी बांधून देऊन आली, आणि आल्या आल्या कामाला लागली. दुपारी ती एका दमात तांब्याभर पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसत रांगेत जाऊन उभी राहिली.

रांग. शेडनेटच्या बाहेर बायकांची रांग होती, भर दुपारी, हसत-बोलत. एकीच्या हातात विणकाम होतं. मी हे लांबून बघितलं आणि लगेच वही उघडून बसलो, कारण एवढा चांगला डेटा वर्षात एकदाच मिळतो.

आत्ता पारूबाईनं तिकडून हाक मारली, सगळ्या छावणीला ऐकू जाईल अशी: "ओ शास्त्रज्ञ, ल्ह्याचं ठिवा. एकानं भागंना. दुसरा बांदायला घ्या."

भारत बांबू खांद्यावर टाकून उभाच आहे. थांबतो इथे.